दोघींपुरते पॉइंट

१२ जानेवारी

कानसबाई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच नाक मुरडलं असशील. मुरड. फोन केला असता तर दुसऱ्या वाक्याला तू मला तोडलं असतंस आणि तिसऱ्याला मीच "बरं, राहू दे" म्हणून ठेवून दिला असता. कागदाला मधे तोडता येत नाही. हल्ली फोन का नाही, पत्रंच का, असं तू मागे विचारलं होतंस. तर हे कारण.

बातमी अशी की माझे पॉइंट जमले.

हसू नकोस. होस्टेलच्या जेवणघरातून मी साखरेच्या पुड्या खिशात घालून आणायचे म्हणून तू माझं नाव मुंगी ठेवलंस, आणि चहात साखर कमी पडली की माझ्याच कपाटाशी यायचीस. हेही तसंच आहे. कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात. भरपूर साठले की त्यांच्यावर विमानाचं तिकीट मिळतं, हॉटेलात खोली मिळते. मी जनावरांच्या दवाखान्यातलं सगळं सामान माझ्या कार्डावर घेते, मांजरांचं खाणं, कुत्र्यांचे पट्टे, जंतांच्या गोळ्या, सगळं. डॉक्टर महिनाअखेर मला पैसे चुकते करतात, पॉइंट माझे राहतात. दादाचा फ्रीज, वहिनीचा ओव्हन, शेजारणीचे पडदे, सगळं माझ्याच कार्डावर. वहिनी म्हणते, मी लग्नाला गेले तरी कार्ड घेऊन केटररच्या मागे लागेन. म्हणू दे.

तर आता मार्चमधला एक शनिवार-रविवार, मोठ्या शहरात. जायचं-यायचं विमान, हॉटेल, सकाळची न्याहारी. मैत्रिणींनी मिळून कुठे गेल्याला किती वर्षं झाली, आठव. येशील का? आधी शिव्या दे, मग उत्तर दे.

तुझी,
मुंगी


१९ जानेवारी

मुंगे,

म्हणजे तू जंतांच्या गोळ्यांच्या जोरावर विमानात बसणार. वा. हवाई सुंदरीने "काय घेणार" विचारलं की सांग, माझ्या नावावर अमुक इतक्या मांजरांचं पोट साफ झालंय, त्या मानाने काय ते द्या.

फुकट या शब्दाने शहाणी माणसंही खुळावतात, आणि तू मुळात शहाणी नव्हतीसच. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने असंच फुकट केलं होतं. विमान कोंबडा आरवायच्या आधी. हॉटेल शहरापासून इतकं लांब की शहर बघायला दुर्बीण लागावी. न्याहारी म्हणजे गार टोस्ट आणि घाबरलेलं अंडं. परत आल्यावर बाई महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, एक पैसा पडला नाही. कमरेला पट्टा बांधून सांगत होत्या, कारण तिथल्या पलंगाने कंबर गेली होती. माणसाला फसवायचं असेल तर त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, त्याला सभासद करावं.

इकडे माझं बरं चाललंय. डॉक्टर पुढच्या खोलीत माणसांच्या तोंडाची मापं घेतात, मी मागच्या खोलीत मेण आणि प्लास्टर घेऊन बसते आणि लोकांचे दात करते. काल एक बाई आली, शिकलेली, चांगल्या घरची. बिस्किटांचं पाकीट दातांनी फोडायला गेली आणि दात मोडून बसली. मी विचारलं, घरात कात्री नाही? तर म्हणे उठायचा कंटाळा आला. मग मी तिला असं काही सुनावलं की डॉक्टर पडदा बाजूला करून बघायला आले. असल्या लोकांना दुसरा दात देऊच नये. पहिल्याची किंमत नाही त्यांना दुसऱ्याची काय असणार?

येईन की नाही ते आत्ता सांगत नाही. आधी मला हॉटेलचं नाव कळव, म्हणजे कशाकशावर हसायचं ते ठरवून ठेवते.

कानस


२८ जानेवारी

कानस,

शिव्या पोचल्या. हॉटेल चांगलं आहे. शहराच्या अगदी मध्यात नाही, पण बस दारातून सुटते. विमान सकाळचं आहे हे खरं. पॉइंटवर दुपारचं मिळत नाही, दुपारची तिकिटं पैसेवाल्यांसाठी ठेवतात.

त्या पाकीटवाल्या बाईला इतकं बोलायला नको होतं. बिचारी आधीच तोंड लपवून आली असेल.

एक विषय काढते, कागद फाडू नकोस. हॉर्नचे बाबा गेले त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. तू आली नाहीस. मी तिथे होते, लोक येत होते, जात होते, आणि ती दर वेळी दाराकडे बघत होती. होस्टेलात आपण तिघी एका खोलीत राहायचो. तिचा आवाज तीन मजले ऐकू जायचा म्हणून ती हॉर्न, तुझी जीभ घासते म्हणून तू कानस. पुढे तिने खरंच गाडी शिकवायचं काम धरलं आणि तू खरंच हातात कानस घेतलीस. तेव्हा आपण किती हसलो होतो. आता तुम्हा दोघींच्या मधे मी एकटी निरोप्यासारखी उभी असते, आणि तुम्ही निरोपही देत नाही.

मला तुम्ही दोघी पाहिजे आहात. आणखी काही नको आहे मला. इतकंच.

मुंगी


६ फेब्रुवारी

मुंगे,

कागद फाडला नाही, चुरगळला होता. मग इस्त्री करून वाचला.

तुला वाटतं मी लहानसहान गोष्टीवरून अबोला धरला. मग ऐक, पुन्हा सांगते, शेवटचं. तिच्या बाबांची कवळी मी केली होती. डॉक्टरांच्या पेशंटची म्हणून नाही, आपल्या काकांची म्हणून. त्यांचा तरुणपणचा फोटो मागून घेतला, समोर टेकवून ठेवला आणि बघत बघत मेणात एकेक दात मांडला. तुला माहीत आहे, मी प्रत्येक कवळीत पुढचा एक दात केसभर तिरका बसवते, कारण खऱ्या तोंडात कुणाचीच रांग सरळ नसते. काकांचा तर फोटोतही तिरका होता. कवळी बसवल्यावर त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, अगं, हा तर मीच.

आणि मग त्यांच्या वाढदिवसाला काय बघते? म्हातारा तासभर ओठ मिटून बसलेला. मी आपली बडबड करतेय, हॉर्नच्या एका विद्यार्थ्याची नक्कल करतेय, ब्रेक दाबायच्या ऐवजी तोंडाने शिट्टीसारखा आवाज काढणाऱ्या. काका एकदम हसले. तोंडभर. आणि तोंडात दुसऱ्याचे दात. पांढरेफेक, सगळे एका उंचीचे, न्हाणीघरातल्या टाइल्स बसवाव्यात तसे. मी ते ओळखणार नाही असं वाटलं होतं का त्यांना? आपल्या हातची वस्तू आई लेकराला ओळखते तशी ओळखू येते.

कवळी टोचत होती तर सांगायचं. ढिली झाली तर आणून द्यायची. मी घासून दिली असती. पण तोंडावर गोड बोलायचं आणि मागच्या दाराने दुसऱ्याकडे जायचं, याला काय म्हणतात? मी ताट ठेवलं आणि निघाले. हॉर्न जिन्यातून धावत आली, म्हणाली, समजून घे. मी म्हटलं, समजलंय, तुझ्या बापाचं हसू तू दुकानातून विकत आणलंस. त्यानंतर ती बोलली नाही. मीही नाही. आणि काका गेले तेव्हा आले नाही, कारण येऊन कुणाचे दात बघायचे होते मला?

म्हणून तिचं नाव काढायचं नाही. या अटीवर येते मी तुझ्या त्या शहरात. तू आणि मी. दोन दिवस गार टोस्ट खाऊ आणि तुझ्या अकलेवर हसू. मलाही इथल्या प्लास्टरच्या धुळीतून बाहेर पडायचंच आहे. पण हॉर्नचा ह जरी काढलास तर परतीच्या विमानाची वाट न बघता चालत घरी येईन.

कानस


२ मार्च

कानस,

तिकीट सोबत आहे. मोबाइलवरही येईल, पण तू मोबाइल प्लास्टरच्या डब्यात ठेवतेस म्हणून कागदावरही काढलं.

१४ तारखेला मी दवाखान्यातून थेट निघेन. विमानतळावर माझी वाट बघत बाहेर उभी राहू नकोस. आत जा, सीटवर बस, पट्टा बांध. खिडकीची सीट तुझी आहे.

पट्टा नक्की बांध.

मुंगी


१४ मार्च, शनिवार
हॉटेलची खोली

हरामखोर मुंगे,

हा हॉटेलचा कागद आहे. फुकट आहे, तुला आवडेल. टबच्या काठावर बसून लिहितेय, कारण खोलीतली एकुलती एक खुर्ची तिने घेतली आहे.

पट्टा बांधला मी. सांगितलंस तसा. खिडकीतून बाहेर बघत होते, शेजारी कुणीतरी धप्पकन बसलं आणि दणकून म्हणालं, "अहो, तुमची पिशवी काढा, ही माझ्या मुंगीची सीट आहे." तो आवाज तीन मजले ऐकू जाणारा. सगळं विमान वळून बघायला लागलं. तिने मला बघितलं, मी तिला. तेवढ्यात दार लागलं. चालत घरी येईन म्हटलं होतं मी, पण विमानातून चालत येता येत नाही, आणि तुला ते माहीत होतं.

तिलाही तू तेच सांगितलं होतंस म्हणे, की तू आणि ती. हे तिच्याकडून कळलं नाही, आम्ही बोलत नाही. स्वागतकक्षात ती त्या माणसाला ओरडून सांगत होती ते ऐकलं. तो म्हणाला, बुकिंग दोघींचंच आहे, आणि तुम्ही दोघी आलात, मग तक्रार काय? त्याला काय सांगणार?

खोलीबद्दल ऐक. पलंग एक. एकच, मुंगे. खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडते. हॉटेलात गाद्यांच्या व्यापाऱ्यांचं संमेलन आहे, जिन्यात माणसं एकमेकांना स्प्रिंगा दाखवत उभी आहेत, आणि आमची गादी फळीसारखी आहे. शहर कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. बस दारातून सुटते हे खरं, पण कुठे जाते ते चालकालाही नक्की माहीत नसावं. हॉर्न त्याच्या मागच्या सीटवर बसून "इंडिकेटर, इंडिकेटर" असं पुटपुटत होती.

तू मला फसवलंस. तिच्यावर माझा राग आहे तो आहेच, आता तुझ्यावरही आहे. हे पत्र खाली पेटीत टाकते आणि एकटीच फिरायला जाते. आल्यावर बघते तुझ्याकडे.

कानस


१८ मार्च

कानस,

तुझं शनिवारचं पत्र आज मिळालं. वाचता वाचता गोळ्यांचा डबा सांडला. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं मांजराने ओरखडलं.

बोल मला काय बोलायचं ते. पण आधी एवढं कळव की तुम्ही दोघी परत एकाच विमानाने आलात का. हॉर्नला विचारायची हिंमत होत नाही. तिचा फोन आला होता, मी घेतला नाही.

मुंगी


२२ मार्च

मुंगे,

एकाच विमानाने आलो. शेजारी बसून. तिने पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि मी काढायला सांगितली नाही. यावरून काय समजायचं ते समज, पण फुशारून जाऊ नकोस, कारण आम्ही दोघी तुझ्याबद्दल जे बोललो ते ऐकलंस तर तू कार्ड कात्रीने कापून टाकशील.

शनिवारी मी एकटी निघाले खरी, पण बस एकच, त्यामुळे तीही तीच. तू सांगितलेलं संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद. नदीकाठ होता. आम्ही दोघी त्यावरून एकाच दिशेने चाललो होतो, मधे इतकं अंतर ठेवून की बघणाऱ्याला वाटावं एकमेकींच्या मागावर आहोत. ती रस्त्यावरच्या गाड्यांना नापास करत होती, मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडात बघत होते. मोठं शहर म्हणतेस, एकाचीही कवळी नीट बसलेली नव्हती.

संध्याकाळी तुझं ते सभासदांसाठीचं स्वागताचं जेवण. टेबलावर फुलं, मेणबत्ती, घडी घातलेले रुमाल. मग वेटर मोठ्या थाटात झाकण घातलेलं भांडं घेऊन आला आणि झाकण काढलं तर सूप. एक वाडगा. दोन चमचे. म्हणाला, कूपन एका सभासदापुरतं आहे, सभासद कोण? हॉर्न म्हणाली, सभासद घरी आहे, मांजरांना जंतांच्या गोळ्या देते आहे. मी हसले. नको असताना हसले. ती हसली, आणि गाद्यांचे सगळे व्यापारी जेवायचे थांबले. मग काय, तुझी सालं काढायला बसलो दोघी. साखरेच्या पुड्यांपासून सुरुवात केली. होस्टेल सोडल्यापासून आमचं कशावरही एकमत झालं नव्हतं, तुझ्या बावळटपणावर मात्र पहिल्या घासाला झालं.

आणि मग तिने चमचा खाली ठेवला. सुपाकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा शेवटी हेच प्यायचे.

मी म्हटलं, का, त्या टाइल्स चालत नव्हत्या?

म्हणाली, नाही. रक्त काढायच्या.

मुंगे, काकांनी माझी कवळी बदलली नव्हती. हरवली होती. खानावळीत दाताखाली काहीतरी अडकलं म्हणून काढली, कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, आणि पोऱ्याने ताट उचललं त्यात तीही गेली. घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग बाप-लेक परत गेले. हॉर्नने बाह्या वर करून खानावळीमागचे कचऱ्याचे डबे उपसले. सापडली नाही. काका तिथेच कट्ट्यावर बसून राहिले आणि म्हणाले, कानसला कळलं तर ती मला सोलून काढेल.

हॉर्न म्हणाली, चला, आपण तिला सांगू, ती करून देईल दुसरी. तर म्हणाले, तिने माझा फोटो समोर ठेवून केली होती आणि मी ती उष्ट्याबरोबर फेकली, काय तोंडाने सांगू? म्हणून हॉर्नच्या पाठी लागून त्यांनी घाईघाईने दुसरीकडून करून घेतली. माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. वाढदिवसाआधी आरशासमोर ओठ मिटून हसायची सवय करत होते म्हणे. तासभर जमलं. मग मी ती नक्कल केली.

माझ्याच विनोदाला हसले गं ते.

मी हॉर्नला म्हटलं, मला सांगितलं असतंत तर मी लगेच दुसरी करून दिली असती. काही न घेता. ती म्हणाली, दिली असतीस. पण आधी बोलली असतीस. ते बाबांना नको होतं. मी भांडायला तोंड उघडलं. आणि मुंगे, त्या पाकीटवाल्या बाईचा चेहरा आठवला. काका वर्षभर हिरड्यांतून रक्त काढत सूप पीत बसले, आणि दोन रस्ते सोडून मी मेण वितळवत बसले होते, आणि त्यांना माझ्यापेक्षा ते रक्त बरं वाटलं. मला फार वाईट वाटलं. त्या टेबलावर रडले मी. एका व्यापाऱ्याने येऊन विचारलं, खोलीतल्या गादीचा काही त्रास आहे का? हॉर्नने त्याला हाकललं.

रविवारी आम्ही एकत्र फिरलो. काही बघितलं नाही. बसमध्ये बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तिने मला काकांच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. मी मधे बोलले नाही. एकदा बोलले, पण ते चालकाबद्दल होतं.

आता तू सांग. तू का आली नाहीस? आम्ही दोघींनी बराच विचार केला. हॉर्न म्हणते, तू मुद्दामच आम्हाला एका पलंगावर टाकलंस, तेवढी तू हुशार आहेस. मी म्हटलं, तेवढी हुशार ती नाही, काहीतरी घोळ घातला असणार तिने. खरं काय?

कानस


२९ मार्च

कानस,

घोळच. तू म्हणतेस तेच खरं.

तिघींपुरते पॉइंट होते माझ्याकडे. मागच्या वर्षीच होते. तेव्हाच जायचं, पण तुझा राग उतरला नव्हता. म्हटलं थांबू. महिना थांबले, दोन महिने थांबले. पॉइंटना मुदत असते हे मला माहीतच नव्हतं. खूप खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी तुझ्या रागाची मुदत संपायची वाट बघत बसले आणि तिकडे पॉइंटची संपली. जुने सगळे उडाले. उरले ते दोघींपुरते. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मुंगे, इतकी वर्षं मांजरांना खाऊ घालून शेवटी दारातच राहिलीस. म्हणून नाही सांगितलं.

हे खरं आहे. पण सगळं नाही. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. काकांचं वाचून मलाही लिहावंसं वाटतंय.

तिघींपुरते असते ना, तरी मी आले नसते.

माझी वरची दाढ आणि तिच्या शेजारचा एक असे दोन दात गेलेत. वर्ष होऊन गेलं. दवाखान्यात मांजराच्या खाण्याचं पाकीट दातांनी फोडत होते. कात्री समोरच होती. तुझ्याकडे आले नाही. दुसऱ्या गल्लीतल्या माणसाकडे गेले आणि काढता-घालता येणारे दोन करून घेतले. ते हलतात. बोलताना टक टक वाजतात. कुणाला ऐकू येत नाही, पण तुला फोनवर पहिल्या शब्दाला ऐकू आलं असतं. म्हणून फोन बंद केला आणि पत्रं सुरू केली. मधे तोडतेस वगैरे ते उगाच. तोडतेस, पण त्याची सवय आहे मला.

दोन दिवस तुझ्याबरोबर एका खोलीत राहायचं म्हणजे ते काढून पेल्यात ठेवावे लागले असते. त्यापेक्षा म्हटलं, तुम्ही दोघी जा.

आता बोल.

मुंगी


२ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र वाचून मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तू कल्पना कर त्यात काय होतं, म्हणजे मला लिहावं लागणार नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी ये. डॉक्टरांशी बोलले आहे, ते माप घेतील, दात मी करेन. हॉर्न तुला गाडीतून घेऊन येईल आणि तुझ्या शेजारी बसेल. खरं तर ती माझ्यावर लक्ष ठेवायला येते आहे. मी पडद्याशी उभी राहीन. एक अक्षर बोलणार नाही. तू हसतानाचा एक जुना फोटो आण, होस्टेलातला असला तर बरा.

आणि दुसऱ्या गल्लीतल्याने केलेले ते दोन दातही आण, त्याने काय उजेड पाडलाय ते मला एकदा बघायचंय.

नको. आणू नकोस. बघितले तर बोलेन.

कानस